सावलीचा माल

रिपोर्टावर नाव पूर्ण छापलंय:
पद्मावती सुकुमार मगदूम, वय सत्तेचाळीस.
खाली ड जीवनसत्त्व, समोर नऊ,
नऊच्या शेजारी खाली तोंड केलेला बाण.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
"उन्हात जाता का कधी?"
मला हसू आलं.
तासगावात मार्चचं ऊन
कुणी विचारून घेतं का?

परतताना एसटीत
उन्हातले तास बोटांवर मोजायला घेतले.
दुपार झाली होती,
बोटांची सकाळ सरली नव्हती.
अंगठा पहिल्या पेराला टेकेपर्यंत
कवलापूर मागे गेलं.

साडेआठला शेडमध्ये. सहाला बाहेर.
अशी बावीस वर्षं.
हिरवी जाळी, जाळीखाली जाळी,
थरावर थर पसरलेला माल
आणि मालकाचं एकच सांगणं:
ऊन लागता कामा नये.
ऊन लागलं की बेदाणा काळा,
काळ्याला सौद्यात कोण विचारतो.
एक कवडसा आत आला तरी
मेहरुन ओरडायची, "अगं, बुजव तो!"
मी गोणपाट लावून बुजवायची.
ह्याच हातांनी.

घरी म्हणावं, तर आमच्यात दिवस असतानाच जेवतात.
सासूबाई दारातून आभाळ बघायच्या, म्हणायच्या, उरका.
लग्न झाल्यापासून एक घास
अंधारात गिळलेला नाही.
सूर्याचा एवढा धाक पाळला,
त्यानं माझ्या खात्यावर
नऊ टाकले.

आता बुधवारी पिवळ्या गोळ्या, आठवड्यातून एकदाच.
रविवारी पुडी, दुधातून.
पुडीच द्या, असं मीच म्हटलं;
कॅप्सूलचं कवच कशाचं असतं, ते ठाऊक आहे मला.
बाईंनी फसवलं नाही.
"यानं सांधे मोकळे होतील असं नाही म्हणत मी.
आमवात त्याचं खातोय,
हाडांना त्यांचं द्यायला नको?"

शिवाय ऊन.
अकरा ते दोनमधलं, वीस मिनिटं,
हात कोपराच्या वर उघडे, पाय पोटरीपर्यंत.
मालकाला कुठल्या तोंडानं सांगू,
की मला जरा वाळत घाला?

परवा सांगितलं. तो मोबाइलमधून मान वर न काढता
"बसा की" म्हणाला. एवढंच होतं ते.

जेवणाच्या सुट्टीत शेडमागे
क्रेटच्या थप्पीवर बसले.
बाह्या वर सरकेनात,
सुजल्या बोटांना कापडाची चिमूट धरवत नाही.
मेहरुननं सरकवल्या.
मग तीही शेजारी टेकली, चपला काढून,
तिच्या टाचा मी पहिल्यांदा बघितल्या.

दंडाची कातडी
एक नंबर मालासारखी निघाली,
फिकट, डाग नसलेली.
"काळी पडशील गं," मेहरुन म्हणाली.
"पडू दे. मला कुठं सौद्यात जायचंय?"

उजवा हात अजून मिटत नव्हता.
तसाच उघडा ठेवला,
उन्हात.