दोऱ्याला बांधलेली पेन्सिल

आमचं मतदान वैशाखात झालं, शिवलीलाचं आषाढात.
रात्रपाळी संपवून ती तशीच रांगेत उभी राहिली,
चर्चच्या मागच्या हॉलात, निळ्या कपड्यांवर कोट चढवून.
बाहेर कुणीतरी कुत्रं बांधून आत गेलं होतं.
पोलीस एकही नाही, म्हणाली,
ना मंडप, ना टेबलं, ना चिठ्ठ्या.
मी विचारलं, मग भांडणं कुठं करतात?

इकडं उदगिरात साडेबारा वाजलेले.
माझ्या मांडीवर शिलाई मशीनचं उघडं डोकं, बोटांना तेल,
फोन तेलाच्या डब्याला टेकवलेला.
काय करलालाव अप्पा, असंच विचारते अजून.

तुला तिथं मत कसं काय? तू तर अजून आपलीच.
म्हणाली, ज्यांच्यावर ह्यांचं राज्य होतं
तिथला माणूस इथं राहत असला, तर देता येतं मत.
म्हटलं, पण आपल्यावर तर निजाम होता.
हे त्यांना सांगू नको.

तिच्या वॉर्डात डोरीन नावाची म्हातारी आहे.
नवरा खाणीत राबला, सासरा खाणीत राबला.
घरात पक्ष सोयरिकीसारखा,
निवडायचा नसतो, निभवायचा असतो.
यंदा टपालानं आलेली मतपत्रिका
तिनं तीन दिवस चहाच्या कपाखाली ठेवली.
चौथ्या दिवशी शिवलीलानं उचलली,
तर नावांवरून गोल डाग, आणि खूण कुठंच नाही.
म्हातारी काय बोलली ते लेकीनं मला मराठीत सांगितलं,
सगळे एकाच माळेचे मणी.
ते मणी तिकडंही मिळतात का, मी म्हटलं.
ती हसली नाही.

मी तीस वर्षं बूथवर बसलो.
चुन्याच्या रेषेबाहेर टेबल, पुढ्यात यादी,
खालच्या गल्लीतलं घर न् घर तोंडपाठ,
कोण पुण्याला गेलंय, कोण वारलंय, कोण नुसतं रुसलंय.
निलावतीबाईला तर खुर्चीसकट उचलून न्यायचो.
डोळ्यांना दिसायचं नाही. शाळेच्या दारात विचारायची,
गुरुलिंगा, कुठलं दाबू रे?
वरून तिसरं.
कधी का म्हणून विचारलं नाही तिनं.

ती जाऊन चार वर्षं झाली.
वरून तिसरा आता दुसऱ्यांच्या मांडवात बसतो.
ह्या वैशाखातली शाई
माझ्या नखाच्या निम्म्यालाही सरकली नव्हती, तेवढ्यात गेला.
चौकात तोच फ्लेक्स, तेच जोडलेले हात,
मागचा रंग तेवढा बदललाय.

राग आला असता तर बरं झालं असतं.
दुपारभर एकच डोक्यात,
निलावतीबाईचं मत मी कुणाला दिलं?
माझं गेलं ते माझं होतं.
तिचं मी उचलून नेलं होतं.

आता पक्षाची दोन टेबलं झालीत.
एकावर माझा पुतण्या, दुसऱ्यावर त्याचा साडू.
दोघांनी बोलावलं. दोघांना सांगितलं,
कंबर धरलीय, बसवत नाही.
दिवसभर दुकानात बसलेला असतो,
हे दोघांनाही दिसतं.

तू कुणाला दिलंस गं?
सांगत नसतात, अप्पा.
थोडं थांबून म्हणाली, इथं बटण नसतं. पेन्सिल असते,
दोऱ्यानं बांधलेली, कुणी नेऊ नये म्हणून.
जो पाहिजे त्याच्यापुढं फुली मारायची.
फुली? आपल्याकडं तर चुकलं की फुली.
हां. तिथंच हात थांबला माझा.
किती वेळ कुणास ठाऊक. मागचा माणूस खोकला.

पेन्सिल म्हणजे खोडता येत असेल.
येत असेल. कुणी खोडत नाही.
आणि बोटाला?
काही नाही. तिनं हात फोनपुढं धरला,
साबणानं धुऊन धुऊन पांढरा पडलेला.

मला आपलं धंद्यातलंच सुचतं.
दोरा केवढा होता? विचारलं.
तिनं आठवून बघितलं.
कागदापर्यंत पुरेल एवढा.
मग म्हणाली, झोपते आता, रात्री परत ड्युटी आहे.