तेविसावी रांग, खिडकीकडची

दारातली मुलगी हसून म्हणाली,
आतून सगळं नवं केलंय, सेन्योरा, याच महिन्यात.
मी म्हटलं, दिसतंय.
विमान तेच आहे हे मी शिडीवरच ओळखलं होतं,
दाराच्या चौकटीशी पत्र्याला मारलेल्या ठिगळावरून.
ठिगळं मी विसरत नाही.

एकवीस वर्षं मी यांच्या खुर्च्या शिवल्या.
सांतियागोच्या हँगरमागे, एका लांब खोलीत,
आम्ही सहाजणी आणि मशीन दुरुस्त करणारा नोल्बेर्तो.
निळं कापड, जाड, सुईला न जुमानणारं;
कडेला दुहेरी टीप, कोपऱ्याला दुमड,
आणि आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही तिथे,
एदुविहिस एक लाल टाका घालायची.
का गं, विचारलं तर म्हणायची,
इतकी माणसं इतक्या उंच जातात. असू दे.

मी मात्र कधी गेले नव्हते.
आता चाललेय पुंता अरेनासला,
भाचीला मुलगी झाली म्हणून.

खुर्ची पातळ, दोन बोटं जेमतेम.
राखाडी, चामड्याचं सोंग घेतलेलं काहीतरी.
नखाने कड चाचपत गेले:
कुठे सुरुवात नाही, कुठे गाठ नाही,
चिकटवलंय.
पाठीला बरं वाटलं, खोटं का बोलू.
आमच्या खुर्चीतली आडवी दांडी कमरेला लागायची,
तक्रारी यायच्या, आम्ही आणखी स्पंज कोंबायचो,
दांडी तिथेच.

छतावर पहाट झाली.
जांभळी, मग गुलाबी, मग सायीसारखी.
घड्याळात दुपारचे दोन.
शेजारी येर्को, मेंढ्या कातरतो, हात तुपकट मऊ.
त्याने हाताखालच्या भोकात फोनची वायर खुपसली
आणि जग जिंकल्यासारखा माझ्याकडे पाहिला.
पुढच्या पाठीवरच्या पडद्यात एक इवलंसं विमान
कागदावर ओघळलेल्या शाईसारखं
दक्षिणेकडे सरकत होतं.

आणि खिडकी?
खिडकीचे पैसे मोजून माझ्या वाट्याला भिंत आली.
रांगा पुढे सरकवून एक जास्त बसवलीय म्हणे;
रांगा सरकतात,
खिडक्या कुठे सरकणार?
पुढच्या बाईच्या कानाशेजारून
मला अर्धा ज्वालामुखी मिळाला.
बर्फाची बाजू.
बायको दाखवावी तशी ती बाई डोकं हलवून दाखवत होती
आणि झाकतही होती.

येर्को झोपला.
गुळगुळीत खुर्चीवर त्याचं डोकं टिकेना,
घसरत घसरत माझ्या खांद्यावर येऊन थांबलं.
माझ्या अंगात लोकरीचा स्वेटर होता.
लोकर धरून ठेवते.
तासभर मी हलले नाही, मग मात्र
जावंच लागलं.

मोरीच्या दारावर ॲशट्रे अजून आहे,
शेजारी सिगरेटवर मारलेली फुली.
झाकण उघडलं, मिटलं. टक्.
आणि वळते तर भिंतीला दुमडून लावलेली
मुलींची खुर्ची,
तिच्या कडेतून बोटभर
निळं.

ही बदलायची राहिली की बदलायची नव्हतीच?
हात लावला.
दुहेरी टीप. कोपऱ्याला दुमड.
एक टाका जरा तिरका,
म्हणजे बहुतेक माझाच, सोमवारचा.
आत बोट घालून पाहणार होते,
तोच मागून मुलगी: काही हवंय का, सेन्योरा?
नाही, म्हटलं. छान केलंय तुम्ही.

उतरताना वारा लागला, तिकडचा,
झाडं वाकडी वाढवणारा.
वरचे कप्पे नवे असून जुन्यासारखे करकरले.
येर्को जागा होऊन म्हणाला, घाबरू नका, रोजचंच आहे.
मी मान वळवून मागे पाहत होते.
मुलीने ती खुर्ची ओढून खाली केली,
बसली,
पट्टा आवळला,
आणि तळवे मांडीखाली, कापडावर, दाबून धरले.