पाणी वळण्याआधी

सकाळचे सहा बेचाळीस. थेम्स उतरते आहे.
डेप्टफर्डच्या शेवाळलेल्या पायऱ्या
हेझल प्रॉबर्ट पाठमोरी उतरते,
गुडघ्यांना जुन्या गादीचे तुकडे बांधून.

चिलमींच्या पांढऱ्या नळ्या ती आता उचलत नाही.
खिळे, हाडं, बाटल्यांचे गळे –
नजर घसरत जाते,
बाजारात नको त्या भाजीवरून जावी तशी.

मग चिखलात एक काळं पान.
पान नव्हे. चामडं.
जोड्याचा तळ, एवढासा, कडेला टाक्यांची भोकं.

तिचा बाप मोची होता, वरच्याच गल्लीत.
गिऱ्हाईक बोलायच्या आत तो जोडा पालथा करायचा
आणि विचारायचा, डावा गुडघा दुखतो ना?

हेझल तळ पालथा करते.
टाच बाहेरच्या अंगाला झिजलेली.
"फेंगडा चालायचास," ती म्हणते
पाचशे वर्षांमागच्या कुणा पोराला,
"आणि बंद कधी नीट बांधला नाहीस."

वाळलं की चामड्याचा चुरा होतो.
म्हणून सँडविचच्या डब्यात
ती थोडी नदी भरून घेते.
सँडविच कोटाच्या खिशात.
संग्रहालयाला फोन सोमवारी.

पाणी वळलंय. पायऱ्या चढताना
तिला स्वतःचेच बूट ऐकू येतात:
डावा
जरा उशिरा पडतो.