खापरपणतीच्या पुढे

न्यू जर्सीत बाहेर बर्फ.
आत काचेच्या बशीत मिलिमीटरभर कृमी,
आणि एक हिरवट ठिपका, द्राक्षांच्या वासाचा.

आई तो खाऊन आजारी पडली होती.
लेकीनं तो कधी हुंगलाही नव्हता,
तरी वळसा घालून गेली.
नातही. पणती, खापरपणतीही.

दोरोत्का लिहिते: टाळलं. टाळलं. टाळलं.
तिच्या घरी अळंबी शिजत नाही.
का, ते सांगणारं कुणी उरलं नाही;
पोलंडातलं कुठलंसं जंगल, एवढंच.

अठरावा दिवस.
खापरपणतीच्या लेकीला काय म्हणतात
मला आठवत नाही.
ती सरळ हिरव्याकडे निघालीय.

दोरोत्काचा फोन थरथरतो. मुलीचा मेसेज:
पिझ्झा मागवलाय, अळंबीचा.
येतेस ना?