कडी

दालानझादगादच्या बाजारात
हातमोजे न काढताच ती विचारते,
"यातलं कुठलं?"

मी काचेवर मांडतो
बत्तीस जीबी, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस.
पोस्टाच्या तिकिटाएवढी कार्डं.
उणे पंचवीसलाही चालतील, म्हणतो.
ती हसते. "उणे पंचवीसला
आमच्याकडे पोरं बाहेर खेळतात."

कॅमेरा मुलाचा. सोलला कामाला जाताना
खाटेखाली ठेवून गेलेला.

"फोटो किती काढणार, त्सेरेनदुलाम मावशी?"

"गेल्या हिवाळ्याआधी विचारलं असतंस
तर सहाशे बारा म्हटलं असतं.
आता एकेचाळीस.
आणि ती आंधळी सांडणी."

मग सगळ्यात लहानही पुरून उरेल, मी सांगतो,
हजारो मावतात,
भरलं की पुसायचं, पुन्हा वापरायचं.

"पुसायचं?"

एका हाताचा मोजा निघतो.

कार्डाच्या डाव्या कडेला इवलीशी कडी असते,
तांदळाच्या कणीएवढी.
कुणी विचारत नाही, मीही सांगत नाही.
आज दाखवतो.
खाली सरकवली
की नवं आत शिरत नाही,
आतलं पुसलं जात नाही.

ती नखाने कडी लावते, काढते,
लावते, काढते,
वाडग्याचं फाटक नीट बसतंय का
पाहावं तशी.

मग बत्तीसवालं उचलून
छातीशी, डगल्याच्या घडीत सारते.
"आधी सगळी आत येऊ देत," म्हणते,
"मग लावीन."

पैसे सुटे देते, मोजून.
बाहेर तिची मोटरसायकल
तीनदा रुसते,
चौथ्यांदा निघते.