सातव्या गावाचा ठराव

धुळ्याच्या हापिसातला साहेब वाईट नव्हता.
पंखा आमच्याकडे वळवून म्हणाला,
ताई, एकट्या गावाला तेलघाणा मिळत नाही.
सात गावं आणा. ठराव आणा, गोल शिक्क्याचे.
बचत गट चांगला आहे हो तुमचा, पण योजनाच समूहाची.

बाहेर उसाच्या रसाच्या गाडीपाशी
मी आणि रामकोरकाकूने बोटांवर गावं मोजली.
सहापर्यंत आलो.
सातव्याचं नाव दोघींनीही घेतलं नाही.

मग पंधरा दिवस भटूची मोटरसायकल,
मांडीवर फाईल, फाईलला खताच्या पिशवीचं पांघरूण.
पांझरेकाठी भुईमूग उपटून झालेला,
शेंगा वाळत पडलेल्या, आणि व्यापाऱ्याचा काटा
आमच्याही आधी गावात पोचलेला.

आमले काय भेटी? प्रत्येक पारावर हाच प्रश्न.
मी सांगायची : तेल विका, शेंगा नका विकू,
पेंड आपल्याच गुरांच्या तोंडी जाईल.
एका गावाला पाटीवर आपलं नाव सगळ्यांत वर हवं होतं.
एका गावचा सरपंच सुरतेला, साड्यांच्या कारखान्यात;
फोनवर त्याच्यापेक्षा मागचे मागच जास्त बोलत होते,
तेवढ्यातून कळलं की शिक्का घरी कणगीत आहे.
बायकोने कोपरापर्यंत हात घालून काढला,
बाजरीचे चार दाणे ठरावाला चिकटून आले.
कुणी स्मशानाचा रस्ता मागितला.
तो माझ्या हातात नाही, मी म्हटलं.
कुणाच्याच हातात नसतो, म्हणाले, आण तो कागद.

राहिलं खालचं गाव. बंधाऱ्याच्या खालचं.

माझा बाप फडाचा पाटकरी होता.
दुष्काळाच्या साली एका रात्री
त्यांच्या पाळीचं पाणी त्याने आमच्याकडे वळवलं,
पाटाच्या तोंडाला चिखल आणि गोणपाट कोंबून.
मी सात वर्षांची.
त्यानंतर त्या गावात आमची सोयरीक नाही,
मयताला जाणं नाही.

हिलाल आप्पा ओट्यावर बसलेले.
बठ ना माय, म्हणाले. मग बराच वेळ काही नाही.
मी आकडे पाठ करून गेले होते,
दिवसाला किती पोती, किती लिटर, किती जणींना काम.
एकही आठवेना.
तू पाटकरीनी पोर ना, ते म्हणाले,
कंदील तुना हातमा व्हता.

हो म्हटलं. काय म्हणणार.

ठरावमा लिख. त्या रातनं पानी आमनं व्हतं.
मंग करस मी सही.

छापील कागदात लोकसंख्येला रकाना होता,
कुटुंबांना होता, विजेच्या भाराला होता.
यासाठी नव्हता.
ग्रामसेवक म्हणाला, असं चालत नाही, बाद होईल प्रस्ताव.
रामकोरकाकूने कागद उलटा केला
आणि पेनाचं टोपण काढून माझ्यापुढे धरलं.
मी लिहिलं, त्यांच्याच बोलीत,
शाळेतल्यासारखं, शिरोरेघ ओढून.
आप्पांनी ते बोटाने दोनदा वाचलं.
सही करायला त्यांना वाचण्याहून जास्त वेळ लागला.
आतून कुणीतरी कळण्याची भाकरी आणली,
तिखट होतं, नाहीतर डोळ्यांचं काय सांगितलं असतं.

साहेबाने सातही ठराव मोजून घेतले.
सातवा उलटून बघितला, माझ्याकडे बघितलं,
विचारलं काही नाही. आवक क्रमांक दिला.
चार महिने झाले. अर्ज विचाराधीन.

परवा सकाळी खालच्या गावाचा टेम्पो आला.
पाच पोरं, चार कुदळी, एक बाज,
बाजेवर हिलाल आप्पा.
ज्या पडीक जागेवर घाणा यायचा आहे
तिथे सावली बघून त्यांनी बाज टाकायला लावली.
मंजुरी उनी का?
नाही आली, आप्पा.
मंग काय, म्हणाले, जागा तं साफ व्हई.
आणि पोरांवर ओरडू लागले, बाभळीचं मूळ
तिकडून नाही रे, इकडून.