चौदा तास दहा मिनिटं

रात्री पावणेदोनला दार वाजलं.
फिलुमावशी. हातात मोबाईल, उलटा धरलेला.
बास्त्याव काका गेले होते अर्ध्या तासापूर्वी,
खुर्चीतच; चष्मा नाकावर, पंखा चालू.
"तू इमानतलावर हाय ना," ती म्हणाली,
"नेवार्कवरशी कवरा येल लागल गो?"

मी रोज हेच तर सांगते.
न्यूअर्क ते मुंबई, सहा हजार सातशे सत्तर सागरी मैल,
इंधन एकशे सहा टन, पर्यायी विमानतळ अहमदाबाद.
खाली माझी सही, कॅप्टनची सही,
मग मी चहा आणायला जाते.
नाइटीवर टॉवेल घेऊन
हे आकडे कुणी मागितले नव्हते.

म्हटलं, चौदा तास दहा मिनिटं.
जाताना सोळा लागतात,
येताना वारा पाठीशी असतो.
तिला शेवटचं तेवढं ऐकू आलं.
तिनं कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावली.

थंडपेटीवाल्यानंही तेच विचारलं, किती तास?
मी बेरीज करत राहिले:
ग्लाविनला तिकीट मिळायला, सुट्टी सांगायला,
त्याच्या घरापासून विमानतळ,
मग चौदा दहा.
"दोन दिवस धर."
"आणि वीज गेली तर?"
ते माझ्या कोष्टकात नव्हतं.

काकांची एक खोड होती.
गच्चीवर उभं राहून उतरणारी विमानं बघायची
आणि चाकं टेकली की म्हणायचं,
आलं माझ्या शेतात.
चार गुंठे भात, एक विहीर, चिंच.
जमीन गेली तेव्हा ते सात वर्षांचे.
विहीर नक्की कुठे होती
यावर नवराबायको पन्नास वर्षं भांडली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी
मी मावशीला फोनवर दाखवलं: हा पिवळा ठिपका, हा ग्लाविन.
ठिपका उत्तरेकडून वाकत येत होता.
"सरल का नाय येत?"
सांगितलं, पृथ्वी गोल आहे, वाकडीच वाट जवळची.
तिला ते पटलं नाही.
तिच्या मते पायलट फिरवून आणत होता,
रिक्षावाले फिरवतात तसा.

विमान अकरा मिनिटं आधी उतरलं.
गच्चीवरून दिवे दिसले,
चाकं टेकल्याचा धूर दिसला,
विहिरीच्या अलीकडे की पलीकडे, आता कुणाला विचारणार.
तिथून आमच्या गल्लीचं तोंड
मी एकदा मोजलंय: सहाशे चाळीस मीटर.
मध्ये भिंत, भिंतीवर काटेरी तार,
तारेत अडकलेला कुणाचा तरी पतंग.

शिक्क्याची रांग. बॅगांचा पट्टा.
वरच्या पुलावरून खालच्या रस्त्यावर, सिग्नल,
चर्चपाशी उलटी घुसलेली टेम्पो ट्रॅव्हलर.
एक तास पन्नास मिनिटं.

सगळे उठून उभे राहिले.
ग्लाविन रिक्षातून उतरला, गळ्यात ती मानेची उशी तशीच,
घड्याळात अजून तिकडची सकाळ.
पेटीच्या काचेवर वाफ धरली होती,
कुणीतरी ती पुसायला पुढे झालं.
मावशी मात्र पोराच्या तोंडाकडे बघत होती.
"इमानात जेवलास का काय?"

मी बाहेर आले.
सवयीनं आकडा दुरुस्त केला:
तेरा तास एकोणसाठ मिनिटं.
वरून पुढचं विमान गेलं,
चाकं सोडलेलं,
इतकं खाली की मेणबत्त्या हलल्या.